नांदेड ते लातूर, ‘कुठं’ न विचारता

आमच्या अपार्टमेंटमधली निम्मी बिऱ्हाडं युरोप पाहून आलेली आहेत आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांचे फोटो पाहिलेले आहेत. मी दुसऱ्या गटातला. खालच्या मजल्यावरच्या देशपांड्यांनी स्वित्झर्लंडचा बर्फ मला इतक्या वेळा दाखवलाय की हल्ली नुसती त्यांची बेल वाजली तरी माझे गुडघे दुखतात. तेव्हा या हिवाळ्यात मीही एक प्रवास करून आलो आणि आता त्याचं वर्णन लिहून सूड उगवणार आहे.

मी नांदेडहून लातूरला गेलो. हसू नका. एसटीनं गेलात तर सकाळचा चहा घेऊन निघावं आणि जेवायला लातुरात असावं. मला मध्ये एक मुक्काम करावा लागला. मी ट्रकनं गेलो होतो, आणि त्या ट्रकमध्ये तुरीच्या पोत्यांबरोबर इंग्रजी भाषाही होती.

झालं असं की मी उभी हयात हदगावला इंग्रजी शिकवली आणि निवृत्त होऊन नांदेडला आलो. महानंदा ही माझी हदगावची जुनी विद्यार्थिनी. तिचा नवरा शिवराज अप्पा वीसेक वर्षं ट्रक चालवतो. एका सकाळी तिचा फोन आला.

“सर, आमच्या मालकाचं कॅनडाला जमून राहिलंय. लांबलचक ट्रेलर चालवायचा. पर लातूरला इंग्लिशची परीक्षा हाय. तिकडचे पोलीस म्हणं रस्त्यात गाडी थांबवून इंग्लिशमधी इचारतेत. जवाब न्हाई आला की गाडी बाजूला, डायवर घरी.”

“मग पाठव की त्यांना माझ्याकडे पंधरा दिवस.”

“ते घरी बसतेत का कधी सर? परवा तूर घेऊन लातूरलाच निघणारेत. तुमीच बसा त्यांच्या गाडीत. काय शिकवायचं ते जाता जाता शिकवा.”

मी गुडघ्यांचं नाव काढलं. तिनं ऐकून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “सर, न्हाई म्हणू नका. फ्लेक्स लागलाय.”

फ्लेक्स म्हटल्यावर माझा नाइलाज झाला. तिच्या भावानं उत्साहाच्या भरात हदगावच्या बसस्टँडसमोर भलामोठा फ्लेक्स लावून टाकला होता. मध्ये काळा गॉगल घातलेले अप्पा, पाठीमागं विमान, खाली शुभेच्छुकांचे ओळीनं फोटो आणि वर अक्षरं: ‘कॅनडा देशात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. शाल-श्रीफळ देऊन सत्कारही उरकला होता. परीक्षा तेवढी राहिली होती. आमच्याकडे कामं अशीच होतात, आधी हार आणि मग निकाल. पण आता अप्पा नापास झाले असते तर त्यांना त्याच स्टँडवर, स्वतःच्याच गॉगलसमोर उतरावं लागलं असतं.

नांदेड

ठरल्या दिवशी ट्रक आमच्या फाटकासमोर येऊन उभा राहिला आणि अख्खी अपार्टमेंट बाल्कन्यांत आली. अप्पा खाली उतरून माझ्या पाया पडले. धिप्पाड माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात मफलर. मला कॅबिनमध्ये चढवायचं काम त्यांनी एकट्यानं केलं. त्यात माझी एक चप्पल खाली राहिली आणि ती बायकोनं वर फेकली. तिनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. अप्पांनी नारळ ओवाळला, गाडी सुरू केली, आणि तेवढ्यात देशपांडे बाल्कनीतून ओरडले, “काय सर, कुठे स्वारी?”

अप्पांनी गाडी बंद केली. खाली उतरले, बाटलीतलं पाणी प्याले आणि फुटपाथवर मांडी घालून बसले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारत नाहीत, काम बिघडतं. विचारायचंच असेल तर ‘लांब का?’ म्हणावं. कुणी विचारलंच, तर माणसानं परत टेकावं, घोटभर पाणी प्यावं आणि नव्यानं निघावं. माझी आईही हेच पाळायची. मी पाळत नाही, पण मोडतही नाही. देशपांडे मात्र स्वित्झर्लंडला जाऊन आल्यापासून कुणालाही काहीही विचारतात.

लोह्याकडे

गाव मागं पडलं आणि मी शिकवणी सुरू केली. दोन्ही बाजूंना कापून टाकलेली तूर, मधूनच हरभरा, आणि उसाची ट्रॉली पुढं असली की तिच्यामागं सगळी वाहतूक मुकाट्यानं सरकायची. अप्पांचा आवाज आणि आत्मविश्वास दोन्ही दांडगे. “माय नेम इज शिवराज!” हे ते अशा दणक्यात म्हणायचे की शेजारून जाणारा मोटारसायकलवाला दचकून साइड द्यायचा. लोड काय, ब्रेक कसे, लायसन कुठल्या खिशात, सगळं त्यांनी तासाभरात पाठ केलं. मी तर मनात म्हटलं, असा विद्यार्थी मला हदगावला भेटायला हवा होता.

मग मी पोलिसाचा आवाज काढला आणि तिकडचे पोलीस म्हणे सगळ्यात आधी विचारतात तो प्रश्न विचारला.

“व्हेअर आर यू गोइंग?”

करकचून ब्रेक लागला. धपाट्यांचा डबा माझ्या मांडीवरून पायाशी गेला. मला वाटलं पुढं म्हैस आली. म्हैस नव्हती. अप्पा खाली उतरले होते, पाणी पीत होते आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसत होते.

“काय झालं हो?”

“तुमी ते इचारलाव, सर.”

“अहो, मी इंग्रजीत विचारलं!”

“इचारलाव तर खरं.”

“अपशकुनाला इंग्रजी कळतं का अप्पा?”

अप्पांनी माझ्याकडं मोठ्या भक्तिभावानं पाहिलं. “सर, मगाशी तुमीच म्हणलाव ना? इंग्लिश साऱ्या जगात चालते.”

मी नुसता चष्मा पुसला. “पण आपण तर नांदेडहून केव्हाच निघालोय,” मी दुसऱ्या बाजूनं गेलो. “हे निघताना पाळायचं असतं.”

“गाडी गिअरमधी हाय तवर निघणं चालूच असतंय. उस्ताद सांगून गेले.” मग त्यांनी उस्तादांची, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ते ट्रक शिकले त्यांची, कथा सांगितली. उस्तादांना एकदा कुणीतरी ‘ते’ विचारलं, उस्तादांनी हसण्यावारी नेलं, आणि गाडी माळेगावच्या जत्रेत थेट गाढवांच्या बाजारात घुसली. जीव कुणाचा गेला नाही. पण गाढवांचे मालक ऐकेनात, आणि उस्तादांना दोन गाढवं घरी घेऊन जावी लागली. “मरेपर्यंत सांभाळली त्यांनी,” अप्पा म्हणाले. कोण कुणाच्या मरेपर्यंत, हे मी विचारलं नाही.

मी पुन्हा दोनदा प्रयत्न करून पाहिला. एकदा बोलण्याच्या ओघात, एकदा चक्क कुजबुजत. दोन्ही वेळा ट्रक थांबला. दुसऱ्या वेळी मागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, आणि अप्पा दगडावरून शांतपणे त्याला हात जोडत राहिले.

अहमदपूर

जेवायला थांबलो तोवर उन्हं कलली होती. ढाब्यावर ज्वारीची भाकरी, पालेभाजीला पीठ लावून केलेलं आळण, ठेचा आणि वर कच्चा कांदा. नांदेडला माझी बायको आळण करते ते औषधासारखं असतं. इथलं खाल्लं आणि कानांतून वाफ निघाली. डोळे पुसता पुसता मी ढाब्याच्या मालकापुढं आमचं गाऱ्हाणं मांडलं, आणि ती माझी चूक झाली. मार्केट यार्डातले दोन हमाल, एक बियाण्यांचे व्यापारी आणि स्वतः मालक, सगळे ताट घेऊन आमच्या बाजेवर आले.

“इंग्लिशमधी लागत न्हाई,” एक हमाल ठामपणे म्हणाला. “माझ्या जावयानं मला फोनवर इचारलं होतं इंग्लिशमधी. कायबी झालं न्हाई.”

“तुला समजलं होतं का ते?” दुसऱ्यानं विचारलं.

“न्हाई.”

“मग कसं लागंल? यांना समजतंय म्हणून लागतंय.”

म्हणजे मी शिकवलं म्हणून अपशकुन लागायला लागला. सगळ्यांनी माझ्याकडं थोडं रागानंच पाहिलं. शेवटी व्यापाऱ्यांनी हात पुसले आणि यार्डात भाव जुळवतात तसा तोडगा काढला. “हे बघा, परकी भाषा हाय. तिचा दोषबी निम्माच. इंग्लिशमधी इचारलं तर खाली उतरायचं न्हाई. बसल्या जागी अर्धा गिलास पाणी प्यायचं. संपला विषय.”

सगळ्यांना पटलं. अप्पांनाही पटलं. ताबडतोब चाचणी झाली. मी प्रश्न विचारला, अप्पांनी बाजेवर बसल्या बसल्या अर्धा ग्लास पाणी पिऊन जगाला ऐकू जाईल असं उत्तर दिलं आणि ढाब्यावर टाळ्या पडल्या. मी त्या व्यापाऱ्यांशी हात मिळवला. एवढ्या आयुष्यात इतकी शहाणी तडजोड मी पाहिली नव्हती. उशीर झालाच होता, म्हणून तिथंच मुक्काम केला.

चाकूर

तडजोड दुसऱ्या दिवशी चाकूरच्या अलीकडं मोडली. मी विचारलं, अप्पांनी अर्धा ग्लास घेतला, उत्तर दिलं, गाडी पुढं नेली. पण त्यांचा चेहरा काही बरा दिसेना. थोड्या वेळानं म्हणाले, “सर, मन लागंना,” आणि गाडी थांबवून उरलेला अर्धा ग्लास खाली बसून प्याले.

मी म्हटलं आता शेवटचा उपाय. खरा पोलीस समोर उभा राहिला की माणूस उस्तादबिस्ताद सगळं विसरतो. मी अप्पांना गाडी मागं न्यायला लावली, स्वतः रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, डोक्यावर कानटोपी सारखी केली आणि छत्री आडवी धरली. ट्रक यायच्या आधी एक पिकअप आला. छत्री पाहून तो थांबलाच. ड्रायव्हर उतरून हात जोडत आला. “साहेब, जाऊ द्या. जाम खराब होतील.” पाठीमागं जामाच्या, म्हणजे पेरूंच्या, टोपल्या भरलेल्या होत्या. मी त्याला समजावून सांगायला लागलो की बाबा, मी कॅनडाचा पोलीस आहे. तो आणखीच घाबरला. माझ्या हातात जामाची पिशवी कोंबून तो निघून गेला, आणि मी लाच खाल्लेला इंग्रजीचा मास्तर म्हणून रस्त्यावर उभा राहिलो. अप्पा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते. जाम गोड होते, हे कबूल केलं पाहिजे.

तेवढ्यात महानंदाचा फोन आला. अप्पांनी स्पीकर लावला.

“लांब हाय का आजून?”

“न्हाई, आलंच.”

“पाणी पिऊन निघत जावा. आन सरांना तरास देऊ नका.”

फोन ठेवल्यावर अप्पा अभिमानानं म्हणाले, “बगा सर. लग्नाला इतकी वर्सं झाली, हिच्या तोंडातून तो शब्द एकदाबी निघाला न्हाई. माझ्या बापालाबी इचारू देत न्हाई ती.” मग गाडी सुरू करत त्यांनी विचारलं, “सर, तिकडं पाच वर्सं सुट्टी देत न्हाईत म्हणं. खरं हाय का?” मी म्हटलं, मला ठाऊक नाही. लातूर येईपर्यंत आम्ही ‘माय नेम इज’ घोकत राहिलो.

लातूर

तूर डाळ मिलवर उतरवली आणि रिकामा ट्रक घेऊन आम्ही परीक्षेच्या जागी गेलो. गावाबाहेर तारेचं कुंपण घातलेलं मैदान, चुन्यानं आखलेला रस्ता आणि एका टोकाला खुर्ची. उमेदवारानं गाडी घेऊन यायचं, पोलिसानं ती थांबवायची, आणि बोलणं सगळं इंग्रजीत. पोलीस, म्हणजे परीक्षक, एक तरुण मॅडम होत्या. अंगात कोट आणि डोक्यावर पोलिसाची टोपी. मला त्यांनी कुंपणाबाहेर उभं केलं.

अप्पांचा ट्रक ऐटीत आला. मॅडमनी हात वर केला. अप्पांनी काच खाली केली आणि सलाम ठोकला.

“व्हेअर आर यू गोइंग?”

अप्पा खाली उतरले, पाणी प्याले, चुन्याच्या रेषेवर मांडी घालून बसले. मग उठून गाडीत गेले, गाडी मागं घेतली आणि पुन्हा ऐटीत आले. मॅडमनी पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश आणि मोठ्यानं. अप्पा पुन्हा उतरले. तिसऱ्या वेळी मॅडमनी हातवारे करून विचारलं. अप्पांची बाटली रिकामी झाली होती. ते मॅडमसमोर उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, “मॅडम, प्लीज गिव्ह मी सम ड्रिंकिंग वॉटर.” मॅडमनी दिलं. इतकं स्वच्छ इंग्रजी मी स्वतः वर्गात बोललो नव्हतो. पण मॅडम मागं वळून कुणालातरी म्हणाल्या, “याला प्रश्नच कळत नाहीये,” आणि माझ्या डोळ्यांसमोर बसस्टँडवरचा तो गॉगल उभा राहिला.

माझ्यानं राहवलं नाही. मी तारेला धरून ओरडलो, “मॅडम, कळतंय हो! सगळं कळतंय! तुम्ही निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारताय!”

मॅडम कुंपणापाशी आल्या. मी दोन दिवसांची सगळी रामकहाणी ऐकवली. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “सर, मी उदगीरची आहे,” त्या म्हणाल्या. “मी ऑफिसला निघाले तरी आई ‘लांब का’ विचारायची. ऑफिस समोरच्या गल्लीत होतं.” मग एकदम कडक होऊन म्हणाल्या, “पण नियम आहे. मराठीत विचारता येणार नाही.”

“मग इंग्रजीतच विचारा ना. ‘लांब का’ तेवढं इंग्रजीत विचारा.”

त्यांनी टोपी घातली. अप्पांचा ट्रक चौथ्यांदा आला. मॅडमनी हात वर केला, इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “गोइंग फार?”

“येस मॅडम!” अप्पांचा बांध फुटला. “व्हेरी फार, मॅडम! आय ॲम कमिंग फ्रॉम लातूर. लोड इज तूर डाळ. ब्रेक ओके, लाइट ओके, ड्रायव्हर ओके!” ट्रक रिकामा होता, पण पाठ केलेलं सोडतील कसे? पुढं त्यांनी न विचारता लायसन, टायर आणि हवामान यांचीही माहिती दिली. मॅडमना त्यांना थांबवायला शिट्टी वाजवावी लागली. पाटीवर दाखवलेल्या वाहतुकीच्या खुणाही अप्पांनी सगळ्या ओळखल्या. अप्पा पास झाले.

त्या आनंदात आम्ही गाड्यावर निलंगा राइस खाल्ला. पिवळाधमक, तिखट, वर लिंबू. खाता खाता मला एकदम सुचलं. “अप्पा, कॅनडाचे पोलीस काही ‘फार’ म्हणून विचारणार नाहीत. ते तेच विचारणार.”

“तिथं पाणी असतंय का न्हाई, सर?”

“पाणी तर आहेच. बर्फही आहे.”

“मग झालं की.” अप्पांनी आणखी एक प्लेट सांगितली.

हदगाव

माझा प्रवास खरं तर लातूरला संपला होता. पण महिन्या-दीड महिन्यानं अप्पा निघाले त्या दिवशी महानंदानं मला मुद्दाम बोलावून घेतलं, म्हणून हाही टप्पा लिहितो. बसस्टँडवरचा फ्लेक्स उन्हानं पार विटला होता. विमान दिसेनासं झालं होतं, गॉगल तेवढा शिल्लक होता.

हैदराबादच्या विमानतळाला न्यायला जीप दारात उभी होती. गल्लीतली सगळी माणसं जमली होती आणि तोंडं सांभाळून उभी होती. अप्पांचे म्हातारे वडील तर ओठांवर मफलरच दाबून बसले होते. कुणी चुकून विचारायला नको. महानंदानं अप्पांच्या हातावर दही-साखर ठेवली. अप्पांनी विभूती लावली, सगळ्यांच्या पाया पडले, माझ्याही पडले, आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला.

“कुठं चाललाव?” महानंदा म्हणाली.

बिचारीच्या तोंडून निसटलं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. अप्पा परत फिरले आणि ओसरीवर टेकले. तिनं तांब्या दिला. ते पाणी प्याले आणि तोंड पुसून उठले. जीपचं दार उघडून एक पाय आत ठेवला.

“अवं, कुठं चाललाव?”

या वेळी तिनं अगदी नीट, त्यांच्याकडं बघून विचारलं. अप्पा पाय काढून परत आले आणि ओसरीवर बसले. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. अप्पा प्याले, उठले, फाटकापर्यंत गेले. तिनं तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि कुणी कुणाकडं बघेना. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी हसूही येत होतं. दोन्ही लपवायला मी चष्मा काढून पुसत बसलो.

महानंदा ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. तिनं रडायचं नाही असं ठरवलं असावं, कारण ती रडत नव्हती. अप्पांनी तांब्या उपडा करून पाहिला.

“पाणी सरलं की गं,” ते म्हणाले.

“आडात हाय की,” ती म्हणाली. “लई हाय.”

तिनं त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि आडाकडं गेली. अप्पा ओसरीवर नीट मांडी घालून बसले. जीपवाल्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग इंजिन बंद केलं.